ब्रेक पॅडल काढणाऱ्या मुलाचं करिअर

दहावीचा निकाल लागला आणि टक्के कमी पडले, की घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘मग काय, गॅरेजात पाने आवळणार?’ असं म्हणणाऱ्यांनी एकदा कारचं ब्रेक पॅडल ब्रॅकेटसकट काढताना बघावं.

काम दिसायला किरकोळ. मेकॅनिक आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवतो आणि थोडा वेळ थांबतो, कारण डोक्यापाशीच स्टिअरिंगमध्ये एअरबॅग असते. मग सीट मागे सारून, उताणं होऊन डोकं डॅशबोर्डखाली घालायचं. खालचं पॅनल निघालं की ब्रेक लाइटच्या स्विचचा कनेक्टर काढायचा. बूस्टरचा पुशरॉड पॅडलला एका पिनने जोडलेला असतो आणि ती पिन निसटू नये म्हणून तिला क्लिप किंवा स्प्लिट पिन लावलेली असते. काढलेली स्प्लिट पिन फेकूनच द्यायची. पुन्हा वाकवलेल्या पिनेचा भरवसा नाही. शेवटी ब्रॅकेटचे नट. बऱ्याच गाड्यांत त्यांतल्याच काही नटांवर पलीकडचा बूस्टरही बसलेला असतो. म्हणून कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल आधी वाचावं लागतं आणि ते बहुधा इंग्रजीत असतं. इंग्रजी सुटलं म्हणून खूश होणाऱ्या मुलांना हे आधीच सांगितलेलं बरं.

खरा कस लागतो तो जोडताना. पुशरॉडची लांबी जास्त राहिली, तर पाय उचलल्यावरही ब्रेक पुरते सुटत नाहीत, चाकं तापतात. स्विच नीट बसला नाही, तर मागचे लाल दिवे सतत पेटलेले राहतात नाहीतर पेटतच नाहीत. नट टॉर्क पान्यानेच, ठरलेल्या मापाने आवळायचे. सोडवण्याचा उत्साह सगळ्याच पोरांना असतो. ज्याला जोडून झाल्यावरही पुन्हा तपासावंसं वाटतं, त्याने या वाटेला खुशाल यावं. मुलींनीही.

वाट सरळ आहे. आयटीआयचा ‘मेकॅनिक मोटर व्हेईकल’ हा ट्रेड दोन वर्षांचा, दहावी पासवर मिळणारा. ‘मेकॅनिक डिझेल’ वर्षभरात होतो, पण घरची निकड नसेल तर दोन वर्षं द्यावीत असं माझं मत. पुढे पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे. त्याआधी किंवा त्याऐवजी 1961 च्या कायद्याखाली अप्रेंटिसशिप करता येते, विद्यावेतनासह. एसटीची दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथली मध्यवर्ती वर्कशॉप आहेत, चाकणचे कारखाने आहेत. ओळखीच्या गॅरेजात नुसतं ‘शिकायला’ बसवलेल्या मुलाच्या हातात कला येते, प्रमाणपत्र येत नाही आणि मोठ्या कारखान्याच्या दारात आधी तेच मागतात.

‘इलेक्ट्रिक गाड्या आल्या, आता मेकॅनिकला कोण विचारणार?’ ही पालकांची नवी धास्ती. ब्रेक पॅडल त्या गाड्यांनाही आहेच. भर पडली आहे ती नारिंगी रंगाच्या हाय व्होल्टेज केबल्सची. त्यांना प्रशिक्षणाशिवाय हात लावणं जिवावर बेतू शकतं, त्यामुळे शिकलेल्याची गरज वाढणारच.

प्रवेश अर्जात पर्याय भरण्याआधी जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये मुलाला घेऊन जा, निदेशकांना भेटा. वर्कशॉपमधल्या गाड्या मुलांना खरोखर उघडू देतात, की त्या नुसत्या शोभेला उभ्या आहेत, एवढं नक्की विचारा.