पथविक्रेत्याचे भांडवल आणि विद्यार्थ्याचा प्रकल्प : मल्लेश्वरममधील एक अनुभव

विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलेल्या पदवी अभ्यासक्रमाच्या आराखड्यात आंतरवासितेसाठी 2 ते 4 श्रेयांक राखून ठेवण्यात आले. क्षेत्रीय प्रकल्पांनाही त्यामुळे बळ मिळाले. मात्र विद्यापीठाच्या आवाराबाहेर गेलेला विद्यार्थी नेमके काय शिकतो, हा प्रश्न श्रेयांकांनी सुटत नाही. 2023 मध्ये बेंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात मार्गदर्शक या नात्याने आलेला अनुभव त्या दृष्टीने बोलका आहे.

मल्लेश्वरमचे नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. येथील काडू मल्लेश्वर देवस्थानाला व्यंकोजीराजांनी गाव इनाम दिल्याची नोंद 1669 च्या शिलालेखात आहे. 1898 च्या प्लेगनंतर वाढलेल्या या आखीव वस्तीत संपिगे रस्ता व आठवा क्रॉस येथे फुले, फळे आणि भाजी यांचा मोठा बाजार भरतो. पदव्युत्तर वर्गातील बेळगावकडच्या एका विद्यार्थिनीने येथील पथविक्रेत्यांचे खेळते भांडवल हा विषय निवडला होता.

पहिल्या आठवड्यातील प्रश्नावल्या पाहून मी चकित झालो. ‘व्याज किती देता?’ या प्रश्नापुढे बहुतेकांनी ‘नाही’ असे उत्तर दिले होते. प्रश्नावली निर्दोष होती. निदान माझी तशी समजूत होती. मग विद्यार्थिनीने कागद बाजूला ठेवला आणि एका फुलवालीबरोबर पहाटे कृष्णराजेंद्र मार्केटला जाण्यास सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी उलगडा झाला. ही अक्का सकाळी 900 रुपये घेई व संध्याकाळी 1,000 रुपये परत करी. तिच्या लेखी ते व्याज नव्हतेच. रिक्षाभाड्यासारखा तो दिवसाचा खर्च होता. अर्थशास्त्राच्या भाषेत हा दर दिवसाला 11 टक्क्यांहून अधिक होतो. महिन्यात 26 दिवस धंदा धरला, तर 900 रुपयांच्या वापरापोटी 2,600 रुपये जातात. अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो यांनी चेन्नईतील फळविक्रेत्यांबाबत दिवसाला सरासरी 4.69 टक्के दर नोंदविला आहे. वर्गात हा आकडा मी अनेक वर्षे सांगत आलो. तो विचारून मिळवायचा कसा, हे मात्र शिकविले नव्हते.

पुढचा प्रश्न अक्कानेच विचारला : ‘बँक देईल का?’ जून 2020 मध्ये सुरू झालेल्या पीएम स्वनिधी योजनेत पहिले कर्ज तेव्हा 10,000 रुपयांचे होते (2025 मध्ये ते 15,000 करण्यात आले). त्यासाठी विक्री प्रमाणपत्र, ओळखपत्र किंवा स्थानिक संस्थेचे शिफारसपत्र लागते. पथविक्रेता अधिनियम, 2014 नुसार पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण होणे आवश्यक आहे. परंतु अक्काचे नाव यादीत नव्हते. विद्यार्थिनीने शिफारसपत्रासाठी चार खेपा घातल्या. प्रबंधिकेत या खेपांना जागा नव्हती आणि परीक्षकांनी ‘नमुना लहान’ असा शेरा देऊन गुण कापले. शेरा चुकीचा नव्हता, अपुरा होता.

आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्राने विद्यार्थ्यांचे ग्रामीण वास्तव्य अभ्यासक्रमाचाच भाग केले आहे. शहरी प्रकल्पांत असे वास्तव्य दुर्मिळ. सत्र संपले की विद्यार्थी निघून जातो. शिफारसपत्र येण्यापूर्वीच आमचे सत्र संपले. निरोपाच्या दिवशी अक्काने एवढेच विचारले, ‘आता कोण येणार?’ विद्यार्थिनीने अर्जाची पोच व रोजच्या हिशेबाची वही पुढील तुकडीतील दोघांच्या स्वाधीन केली. पहिल्या सोमवारी पहाटे पाचला ते दोघे मार्केटच्या दाराशी उभे होते.