बदली गुरुजी येणार! वर्ग कसा तयार ठेवावा?



आपल्या बाई किंवा गुरुजी कधी कधी शाळेत येऊ शकत नाहीत. मग आपण ओरडतो, "आज मज्जा!" मीपण ओरडायचे. आता नाही ओरडत. का ते या लेखात लिहिले आहे. लेख थोडा मोठा आहे, पण पूर्ण वाचा.

बदली गुरुजी म्हणजे कोण?

बदली गुरुजी म्हणजे बदली होऊन आलेले गुरुजी नव्हेत. आपल्या बाईंच्या जागी थोडे दिवस शिकवायला येतात ते. आपली शाळा दोन शिक्षकांची आहे. मोठे गुरुजी पहिली-दुसरीला शिकवतात आणि बाई तिसरी-चौथीला शिकवतात. पहिली-दुसरीची २३ मुले आणि आमची २९, मिळून पट ५२. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला. त्यात ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असे सांगितले आहे. म्हणून आपल्याला दोनच.

आता दोनातून एक गेले तर राहिले किती? एक! मग मोठ्या गुरुजींना चारही वर्ग सांभाळावे लागतात. नाहीतर केंद्रप्रमुख साहेब आपल्या केंद्रातल्या दुसऱ्या शाळेचे गुरुजी पाठवतात. म्हणजे ते इकडे आले की तिकडची मुले त्यांची वाट बघत असतात. हे मला आधी माहीत नव्हते.

बाई कुठे जातात?

आम्हाला वाटायचे बाई घरी आराम करतात. तसे नाही. बाई आजारी पडतात, कधी त्यांचे प्रशिक्षण असते, कधी सरकारी काम असते. मोठ्या गुरुजींनी सांगितले की त्याच कायद्यात शिक्षकांना शाळेबाहेरची तीनच कामे देता येतात असे लिहिले आहे. पहिले, दर दहा वर्षांनी होणारी जनगणना. दुसरे, पूर, भूकंप अशा आपत्तीत मदत. तिसरे, निवडणूक. जनगणना २०११ साली झाली होती. पुढची २०२१ ला व्हायची होती पण कोरोनामुळे लांबली, ती आता २०२७ ची ठरली. म्हणजे माणसे मोजायलाही शिक्षकच लागतात.

मागच्या वर्षी काय झाले?

मी तिसरीत होते. २०२४ सालच्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती. २० तारखेला मतदान झाले. त्या महिन्यात बाई मधून मधून प्रशिक्षणाला जायच्या. तेव्हा दोन दिवस एक बदली गुरुजी आले होते.

आम्ही काहीच तयारी केली नव्हती. उलट खोटे बोललो. गुरुजींनी विचारले, "बाई गृहपाठ देतात का?" सगळे म्हणालो, "नाय देत!" गुरुजींनी विचारले, "हा धडा झाला का?" अर्धे म्हणाले झाला, अर्धे म्हणाले नाही झाला. मग झालेलाच धडा परत शिकवला. आम्ही हसत होतो.

मग गुरुजींनी सगळ्यांना उंचीप्रमाणे बसवले. आमच्या वर्गात एक मुलगा आहे. तो उंच आहे, म्हणून तो मागे गेला, उजव्या भिंतीजवळ. मी त्याच्या शेजारी होते. त्याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. तो कान लहानपणापासून वाहतो. बाईंना हे माहीत आहे, म्हणून त्या त्याला पुढे बसवतात. गुरुजींना माहीत नव्हते.

श्रुतलेखन सुरू झाले. गुरुजी फिरत फिरत शब्द सांगत होते. तो शब्द ऐकू आला नाही की माझ्या वहीत बघायचा. गुरुजींनी ते पाहिले आणि म्हणाले, "बघून लिहितोस? मागे उभा राहा." तो मागे उभा राहिला. मागे तर त्याला काहीच ऐकू येत नाही! त्याला १० पैकी २ गुण मिळाले. कोणी तरी हसले. मला माहीत होते, तरी मी बोलले नाही. मला भीती वाटली की मलाही उभे करतील.

दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही. पोट दुखतंय म्हणाला. पण संध्याकाळी मी त्याला शेळ्या राखताना पाहिले.

आजोबांनी काय सांगितले?

मी घरी हे सांगितले. आजोबा म्हणाले, "पोरी, आपला बैल दुसऱ्याच्या हाती देताना आपण काय करतो? कुठला डाव्या अंगाला जुंपायचा, कुठला उजव्या अंगाला, कुठला बुजतो, हे सांगूनच देतो ना? न सांगता दिला आन् बैलानं मार खाल्ला, तर चूक कुणाची? घेणाऱ्याची न्हाय, देणाऱ्याची."

मी म्हणाले, "आजोबा, तो बैल नाही, मुलगा आहे." आजोबा म्हणाले, "मग तर जास्तच सांगायला पायजे." मला ते पटले.

यंदा आम्ही काय केले?

यंदा श्रावणात बाईंचे पाच दिवसांचे प्रशिक्षण निघाले. बाईंनी चार दिवस आधी आम्हाला सांगितले. मी मागच्या वर्षीची गोष्ट बाईंना सांगितली. बाई थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी एक १०० पानी वही काढली आणि म्हणाल्या, "चला, नव्या गुरुजींसाठी वही करू." त्या वहीला आम्ही 'वर्गाची वही' नाव दिले. तुम्हाला करायची असेल तर अशी करा.

१) पट आणि हजेरी. पहिल्या पानावर सगळ्यांची नावे क्रमाने लिहावीत. आमच्या वर्गात एकाच नावाची दोन मुले आहेत. त्यांची आडनावे नीट लिहावीत. हजेरीपत्रक कोणत्या कपाटात आहे तेही लिहावे. हजेरी झाली की आकडा लगेच मोठ्या गुरुजींना सांगावा, कारण त्यावर खिचडीचे तांदूळ मोजतात. पहिली ते पाचवीच्या एका मुलाला १०० ग्रॅम तांदूळ असतात. शाळेत ४७ मुले हजर असली तर ४७ × १०० = ४७०० ग्रॅम, म्हणजे ४ किलो ७०० ग्रॅम. आकडा उशिरा गेला तर खिचडी उशिरा होते. पहिलीची मुले भुकेने रडतात.

२) वर्गाचा नकाशा. आपण परिसर अभ्यासात नकाशा शिकलो, तो इथे कामाला येतो. वर उत्तर दिशेचा बाण काढावा. मग फळा, दार, खिडकी, कपाट काढावे. आमचा फळा पूर्वेच्या भिंतीवर आहे आणि खिडकी उत्तरेला. फळ्याकडे तोंड केले की खिडकी डाव्या हाताला येते, म्हणून लिहिताना वहीवर हाताची सावली पडत नाही. नंतर कोण कुठे बसतो ते चौकोनात लिहावे. नकाशा पाहून नवे गुरुजी नावाने हाक मारू शकतात. "ए, निळा शर्ट" असे म्हणावे लागत नाही.

३) कुठपर्यंत झाले? प्रत्येक विषयाचे पुस्तक उघडून शेवटचे झालेले पान लिहावे. गृहपाठ कधी देतात तेही खरे खरे लिहावे. हे लिहिताना सगळे कुरकुर करत होते. पण बाई समोर होत्या!

४) दिवसाचा क्रम. परिपाठ, तासिका, खिचडी, खेळ, सुट्टी. फळा कोण पुसतो, पाणी कोण भरतो, कुंड्यांना पाणी कोण घालतो हेही लिहावे.

५) वस्तू कुठे आहेत? खडू, डस्टर, मोजपट्टी, नकाशे, प्रथमोपचाराची पेटी, शौचालयाची किल्ली. पेटीतला कापूस संपला होता. वही करताना ते कळले म्हणून बरे झाले.

६) कोणाला काय लागते? हे पान सगळ्यात महत्त्वाचे आहे आणि सगळ्यात अवघडही. एक मुलगी ओढ्यापलीकडून येते. जोराचा पाऊस आला तर तिला आधी सोडावे लागते आणि तिच्याबरोबर मोठे माणूस लागते. एकीचा चष्मा आहे, ती तो लाजून दप्तरात ठेवते. हे लिहायला सोपे होते.

मग त्या मुलाचे आले. मी लिहिणार होते, "याला ऐकू येत नाही." बाई म्हणाल्या, "थांब. ज्याचे आहे त्याला आधी विचार." मी त्याला विचारले. तो म्हणाला, "तसं नको लिहू. मला ऐकू येतं की! उजव्या कानानं येतं." मग त्याने वही घेतली आणि स्वतःच लिहिले, "मला पुढे डाव्या टोकाला बसवा. मग सगळे माझ्या उजव्या बाजूला येतात. शब्द माझ्याकडे बघून सांगा. नाही कळला तर मी हात वर करीन."

किती बरोबर लिहिले! मी लिहिले असते तर गुरुजींना त्याला काय होत नाही तेवढेच कळले असते. त्याने काय केले तर काम होईल ते लिहिले. म्हणून हे पान ज्याचे त्याने लिहावे, नाहीतर त्याला विचारून लिहावे. आणि हे पान फक्त गुरुजींनी वाचावे.

मग काय झाले?

नवे गुरुजी आले. वर्गमंत्र्याने नमस्कार करून वही दिली. गुरुजींनी खुर्चीवर बसून सगळी वही वाचली. आम्ही गप्प बसलो होतो. मग त्यांनी हजेरी घेतली आणि नकाशात बघून प्रत्येकाकडे पाहिले. त्या मुलाला काही वेगळे विचारले नाही. फक्त श्रुतलेखनाच्या वेळी फिरले नाहीत, फळ्याजवळ उभे राहून सांगितले. एकदा त्याने हात वर केला, तेव्हा शब्द परत सांगितला.

त्याला १० पैकी ८ गुण मिळाले. दोन शब्द ऱ्हस्व-दीर्घाने चुकले. तेच दोन माझेही चुकले.

पाचही दिवस तो शाळेत आला.

जाताना गुरुजींनी वहीच्या शेवटच्या पानावर बाईंसाठी काय काय शिकवले ते लिहून ठेवले. आणि खाली लिहिले की छप्पर कुठे गळते ते मात्र कोणी लिहिले नाही, म्हणून माझे पुस्तक भिजले. आम्ही खूप हसलो. मग नकाशात गळक्या जागेवर एक थेंब काढला.

पालकांना विनंती

तुमच्या मुलाला काही त्रास असेल तर बाईंना किंवा गुरुजींना दरवर्षी सांगा. एकदा पहिलीत सांगितले म्हणजे झाले, असे नाही. त्या मुलाच्या आईने एकदाच सांगितले होते. शाळेत आरोग्य तपासणीला डॉक्टर येतात, त्या दिवशी मुलांना घरी ठेवू नका. ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून होते. तो २०१३ साली सुरू झाला. डॉक्टरांनी आम्हाला सांगितले की कान वाहत असेल तर त्यात तेल घालू नये, आणि दवाखान्यात दाखवावे. आमच्या आजीलाही मी हे सांगितले. ती आधी ऐकत नव्हती.

शेवटी

पाहुणे येणार म्हटले की आपण घर झाडतो, पाणी भरतो. बदली गुरुजी आले की वर्ग झाडून ठेवावाच. पण नुसता वर्ग झाडून तयारी होत नाही. आपल्याला जे माहीत आहे ते सांगितले पाहिजे. मागच्या वर्षी मला माहीत होते आणि मी गप्प बसले. ती माझी चूक होती.

हा लेख लावायच्या आधी मी त्या मुलाला वाचून दाखवला. त्याच्या उजव्या बाजूला बसून. तो म्हणाला, "शेळ्यांचं कशाला लिहिलंस?" मग म्हणाला, "राहू दे."

स्वाध्याय

१. तुमच्या वर्गाचा नकाशा काढा. उत्तर दिशा दाखवायला विसरू नका.
२. शाळेत आज ४४ मुले हजर आहेत. प्रत्येकी १०० ग्रॅमप्रमाणे किती तांदूळ लागतील?
३. नव्या गुरुजींना तुमच्याबद्दल एक गोष्ट सांगायची असेल तर कोणती सांगाल? घरी विचार करून या.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी