बमरोलीतून दीर्घिका टिपताना : आधी चौकट ठरवा

सुरतच्या बमरोलीसारख्या ठिकाणाहून दीर्घिकेचा फोटो फसला की दोष आकाशाला दिला जातो. पांडेसराच्या मिलांचे दिवे, उधना-सुरतचा उजेड, समुद्राकडून येणारा दमटपणा, यांतले एकही कारण खोटे नाही. पण अनुभवान्ती माझे मत असे झाले आहे की बहुतेक वेळा फोटो त्याआधीच, चौकट ठरवताना, हातचा गेलेला असतो. आकाशाबरोबर दुर्बीण फिरवणारा ट्रॅकिंग माउंट घेणाऱ्याचे सगळे लक्ष ताऱ्यांच्या रेघा न उमटता टिंबे उमटावीत याकडे असते. ते साधले की तो दीर्घिका जमेल तेवढी मोठी घ्यायला जातो आणि तिथेच चुकतो. नव्याने या नादाला लागलेल्यांना मी आग्रहाने सांगेन की दीर्घिकेने चौकटीची निम्म्याहून जास्त लांबी व्यापू नये. बमरोलीइतक्या उजळ आकाशाखाली तर एक तृतीयांशच बरी.

हिशेब सोपा आहे. सेन्सरची लांबी मिलिमीटरमध्ये घ्यायची, ५७.३ ने गुणायची आणि दुर्बिणीच्या फोकल लेंथने भागायचे. किती अंश आकाश मावेल ते कळते. एपीएस-सी सेन्सर साधारण २२ बाय १५ मिलिमीटरचा असतो. ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीवर तो सव्वातीन बाय दोन अंशांचा तुकडा देतो. देवयानी दीर्घिका, म्हणजे एम ३१, जवळपास तीन अंश लांब आहे, पौर्णिमेचे सहा चंद्र शेजारीशेजारी ठेवावेत एवढी. कागदावर ती मावते. प्रत्यक्षात तिचा लांब अक्ष उत्तरेकडून पूर्वेकडे सुमारे ३५ अंश कललेला आहे, त्यामुळे चौकटीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर दोन्ही टोके बाहेर जातात. कॅमेरा फिरवून चौकट त्या अक्षाला समांतर केली तरी कडेला जेमतेम काही कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जागा उरते, आणि शेकडो फोटो एकावर एक रचताना कडा कापल्या जातात त्यात तीही संपते. त्याहून मोठे नुकसान पुढे होते. इथले आकाश सगळीकडे सारखे उजळ नसते. शहराकडची बाजू जास्त पांढुरकी येते. हा चढउतार काढून टाकायला सॉफ्टवेअरला चौकटीत निव्वळ आकाश असलेले कोपरे लागतात. सगळीकडे दीर्घिकेचीच फिकट तबकडी पसरलेली असेल तर ते तिच्या कडेचा उजेड शहराचा समजून वजा करते. हाती राहतो तो मधला पिवळसर गोळा, आणि माणूस म्हणतो, आकाश खराब होते.

माउंट कोणत्या जातीचा आहे याचाही चौकटीशी थेट संबंध आहे. ध्रुवाकडे अक्ष लावलेला विषुववृत्तीय माउंट चौकट फिरू देत नाही. वर-खाली आणि डावी-उजवीकडे चालणारा माउंट दीर्घिका मध्यभागी धरून ठेवतो खरा, पण आकाश तिच्याभोवती हळूहळू गरगरत राहते. सुरतचा अक्षांश २१ असल्याने हा त्रास इथे उत्तरेकडच्या देशांपेक्षा जास्त. एम ३१ इथल्या मध्यमंडलावर सुमारे ७० अंश उंचीवर येते, आणि त्या वेळी चौकट ताशी ४० अंशांच्या वेगाने फिरत असते. अशा फोटोंत सगळ्यांना समाईक राहतो तो फक्त मधला गोल, चौकटीच्या आखूड बाजूएवढ्या व्यासाचा. वरच्या उदाहरणात दोन अंशांचा. तीन अंशांची देवयानी त्यात बसवायचा हट्ट धरू नये. असा माउंट असेल तर छोटीच दीर्घिका निवडावी.

यावर हमखास म्हटले जाते की दीर्घिका चौकटीत छोटी राहिली तर तपशील कुठून येणार, त्यापेक्षा लांब फोकल लेंथची दुर्बीण का घेऊ नये? एम ५१ ही दीर्घिका घेऊ. ती जेमतेम ११ कलांची. ४०० मिलिमीटरवर, २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात, तिची लांबी सुमारे ३५० पिक्सेल भरते. १,००० मिलिमीटरवर ती अडीचपट होईल, हे मान्य. पण हवेच्या थरथरीने तारा दोन-तीन विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) पसरतो, आणि १,००० मिलिमीटरवरचा एक पिक्सेल पाऊण विकलेचा असतो. त्यापलीकडे लांबी वाढवली तर तपशील वाढत नाही, धूसरपणाच मोठा होतो, आणि माउंटची प्रत्येक चूकही. लांब दुर्बिणीला माझा विरोध नाही. तिच्या मापाची दीर्घिका निवडा, एवढेच. जुन्नरजवळ गिरवलीला आयुकाची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे. तिच्या मुख्य कॅमेऱ्यात सुमारे १० कलांचे आकाश मावते, म्हणजे देवयानीचा लहानसा तुकडा. सबंध देवयानी २०० मिलिमीटरच्या साध्या लेन्समध्ये ऐसपैस मावते.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे करण्यापेक्षा सापुताऱ्याला किंवा तोरणमाळला जावे. ज्यांना जमते त्यांनी जरूर जावे, काळ्या आकाशाला पर्याय नाही. दीर्घिकेचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने शहरी उजेड अडवणारे फिल्टरही तिच्याबाबतीत फारसे कामाला येत नाहीत. पण काळ्या आकाशात तिची फिकट कड जास्त दूरवर उमटते, म्हणून आवळून घेतलेली चौकट तिथे आणखीच तोकडी पडते. आणि आठवडाभर पाळ्या करणाऱ्याला दर अमावास्येला घाट चढणे शक्य नसते. त्याने घराच्या धाब्यावरूनच काम करायचे तर दीर्घिका अक्षांश बघून निवडावी. बमरोलीच्या उत्तरेला अख्खे शहर आहे. एम ८१ आणि एम ८२ ही देखणी जोडी इथे ४२ अंशांच्या वर कधी चढत नाही, तीही त्याच उजेडाच्या दिशेला. सिंह राशीतले दीर्घिकांचे त्रिकूट आणि कन्या राशीतली दीर्घिकांची मार्केरियनची साखळी मात्र जवळजवळ डोक्यावरून जातात, जिथे हवेचा थर सर्वांत पातळ असतो. एप्रिलच्या मध्यावर त्रिकूट रात्री साडेदहाच्या सुमारास माथ्याशी येते. ते अर्ध्या अंशाहून थोडे मोठे आहे. ७५० मिलिमीटरच्या दुर्बिणीत चौकटीचा एक तृतीयांश भरतो. साखळी दीड अंशाची, तिला ४०० मिलिमीटर ठीक. डोक्यावर काम करताना कॅमेरा तिपाईच्या पायाला अडत नाही ना, हे दिवसाउजेडी पाहून घ्यावे. ध्रुवतारा इथे फक्त २१ अंशांवर असल्याने माउंटचा अक्ष बराच आडवा होतो आणि वजनाचा दांडाही पायाला लागू शकतो.

स्टेलेरियम हे मोफत सॉफ्टवेअर सेन्सरचे माप आणि फोकल लेंथ दिली की चौकट आकाशावर आखून दाखवते. कॅमेरा किती अंश फिरवायचा तेही तिथेच ठरवता येते. हल्ली प्लेट सॉल्व्हिंगने, म्हणजे फोटोतले तारे ओळखून दिशा ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरने, दुर्बीण नेमकी जागेवर जाते, मग एवढा खटाटोप कशाला, असेही विचारले जाते. प्लेट सॉल्व्हिंग दुर्बिणीचा मध्य जुळवते आणि कॅमेरा किती कलला आहे ते सांगतेही, पण कॅमेरा फिरवावा आपल्यालाच लागतो. उजळ आकाशाखाली एका रात्रीचा उजेड पुरत नाही, अनेक रात्रींचे फोटो एकत्र करावे लागतात, आणि दर रात्री कोन बदलला तर समाईक भाग आक्रसत जातो. म्हणून ठरलेल्या कोनावर कॅमेऱ्याच्या कड्यावर आणि दुर्बिणीच्या नळीवर मिळून पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावावा, मधोमध पेनाने रेघ ओढावी आणि रेघेवर पट्टी कापावी. पुढच्या वेळी दोन्ही अर्ध्या रेघा जुळवून स्क्रू आवळायचा, एक फोटो काढून कोन तपासायचा, आणि मगच रात्रीची मालिका सुरू करायची.