वासराचे डोळे, मुलीचे पोट

सहा वर्षांच्या एका मुलीला तिचे वडील गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे घेऊन आले. अधूनमधून पोटात कळ, बद्धकोष्ठ, चेहरा फिकट, खेळण्यात लक्ष नाही. अशा मुलांना जंताचे औषध आणि लोहाचे टॉनिक दिले की बहुतेकांचे काम भागते. मीही तेच दिले. एकदा नव्हे, दोनदा. गुण आला नाही. तिसऱ्या खेपेला निघताना दारात थबकून गृहस्थ म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घराला साडेसातीच लागलीय. वासरू आंधळं होऊन गेलं, गाय निम्म्या दुधावर आली."

आंधळे होऊन म्हणजे कसे, असे मी विचारले. वासरू दात खायचे, भिंतीला डोके लावून उभे राहायचे, गोल गोल फिरायचे. झटके येऊन दोन दिवसांत गेले. मी माणसांचा डॉक्टर. म्हणून ओळखीच्या पशुवैद्यांना फोन लावला. लक्षणे ऐकताच त्यांनी विचारले, "जवळपास कुणी जुन्या बॅटऱ्या फोडतं का?" फोडत होते. ओढ्याकाठी, गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर, पत्र्याच्या शेडमध्ये रात्री भट्टी चाले.

मुलीच्या रक्तात शिसे निघाले, दर १०० मिलिलिटरला ३१ मायक्रोग्रॅम. हा आकडा ५ किंवा त्याहून अधिक असेल तर शिसे कोठून येते ते शोधून बंद करावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले आहे. मुळात निर्धोक म्हणावे असे शिशाचे प्रमाणच नाही. दोन महिने मी जंत मारीत बसलो होतो, हे कबूल केलेच पाहिजे.

आता शिसे शरीरात करते काय, ते जरा बैजवार पाहू. चिरलेले वांगे काळे पडते, डब्यातले शेंगदाणे खवट होतात, विळा गंजतो. ही सारी प्राणवायूची करणी. ज्या प्राणवायूवर आपण जगतो तोच पेशीत इंधन जळताना काही बेलगाम कण मागे सोडतो. त्यांना 'फ्री रॅडिकल्स' म्हणतात. ते पेशीच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ अक्षरशः खवट करतात. त्यांना आवरायला शरीराजवळ ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम, तांबे, जस्त यांच्या आधारे काम करणारी विकरे असतात. कण वाढले आणि आवरणारे कमी पडले, की जी अवस्था येते तिला 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस' म्हणावयाचे.

शिसे येथे दुहेरी घात करते. ग्लुटाथायोनमधील गंधकाला ते चिकटते आणि त्याला निकामी करते. शिवाय रक्तातील तांबडे द्रव्य तयार करणारी विकरे अडवते. मग अर्धवट राहिलेला कच्चा माल साठतो व त्यातून आणखी बेलगाम कण निघतात. मुलगी फिकट का दिसत होती आणि टॉनिक का लागू पडले नाही, याचे उत्तर यात आहे.

दुभत्या गाईवर हा भार अधिकच पडतो. एक लिटर दूध तयार होण्यासाठी कासेतून सुमारे ४०० ते ५०० लिटर रक्त फिरावे लागते. तेव्हा प्राणवायूची उलाढाल किती होत असेल, याची कल्पना करावी. त्यातच वितेवेळी ई जीवनसत्त्वाचा मोठा वाटा चिकात निघून जातो आणि गाईच्या रक्तात ते कमी पडते. याच दिवसांत वार अडकते, कासेला दगडी होते. आपण म्हणतो दृष्ट लागली. ओल्या चाऱ्यात ई जीवनसत्त्व भरपूर असते, वाळलेल्या कडब्यात फारच थोडे. म्हणून निव्वळ कडब्यावर असलेली गाय प्रदूषणापुढे लवकर हार खाते. लसूणघास किंवा हिरवी मका द्यावी ती यासाठी. सेलेनियमची पावडर मात्र दुकानदाराच्या सांगण्यावरून देऊ नये. ते जास्त झाले तर स्वतःच विष ठरते. आणि शिसे पोटात जातच असेल, तर कोणतीही पावडर म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे.

जनावरांना हे आधी का बाधते? गुरे जमिनीलगत चरतात आणि दिसेल ते चाटतात. शिशाचा तुकडा जड, तो पोटाच्या जाळीच्या कप्प्यात जाऊन बसतो आणि हळूहळू विरघळत राहतो. दुधावरच्या वासरांची आतडी तर शिसे फार लवकर शोषतात.

त्या गृहस्थांचा पुढचा प्रश्न दुधाचा होता. उकळून चालेल का? नाही. उकळल्याने जंतू मरतात, शिसे जात नाही. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे दुधात किलोमागे ०.०२ मिलिग्रॅमपेक्षा अधिक शिसे असू नये; त्यांच्या गाईच्या दुधात त्याहून जास्त निघाले. माझ्या मते मुलीच्या अंगात बरेचसे शिसे अंगणातल्या धुळीतून गेले असावे, दुधाचा वाटा कमी. पण पितळी घेऊन रांगेत उभे राहणाऱ्या गिऱ्हाइकांच्या घरी लहान मुले होतीच. वरवा बंद झाला. घरात पैसा येण्याचा तोच एक मार्ग होता, हे मला ठाऊक होते आणि तरी मला तसेच सांगावे लागले.

तक्रार झाल्यावर शेड हलली. कोठे गेली, कोणी सांगत नाही. मुलीच्या घरी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणे, जेवणाआधी साबणाने हात धुणे, आहारात नाचणी व पालेभाज्या सुरू झाल्या. पाच महिन्यांनी आकडा १९ वर आला. पोटातली कळ थांबली आहे. अभ्यासाचे काय, ते शाळा सांगेल. गाईचे शिसे तिच्या हाडांत मुरले आहे आणि दुधाबरोबर थोडे थोडे बाहेर पडते. मागच्या तपासणीतही दूध मर्यादेच्या वरच होते. गृहस्थ रोज सकाळी धार काढतात आणि गोठ्यामागच्या खड्ड्यात ओततात.