डोक्याला मार : दुसरा सीटी स्कॅन केव्हा?

आरोग्यसेवकांसाठी पाठ

किनवट-माहूर भागातल्या गुड्या-पोडांवर गेलो की मला हमखास विचारतात, “डॉक्टर, नांदेडला डोक्याचा फोटो काढला, काही नाही म्हणाले. आता पुन्हा कशाला?” प्रश्न रास्त आहे. किनवटहून नांदेड शंभर किलोमीटरहून दूर. गाडीभाडं लागतं, सोबतच्या माणसांची मजुरी बुडते. म्हणून दुसरा स्कॅन कुणाला हवा आणि कुणाला नको, हे आपल्याला नेमकं ठाऊक असावं.

पहिला स्कॅन काय सांगतो?

तो फक्त त्या वेळची स्थिती सांगतो. मेंदूतला रक्तस्राव नंतरही वाढू शकतो. बहुतेक वेळा ही वाढ पहिल्या २४ तासांत होते. कवटीच्या आत, मेंदूच्या आवरणाबाहेर रक्त साचत असेल तर माणूस आधी शुद्धीवर येतो, नीट बोलतो आणि काही तासांनी कोसळतो.

पुन्हा स्कॅन कुणाला?

१. शुद्ध हरपत चाललेल्याला. रुग्णालयात ती ग्लासगो मापाने मोजतात. पूर्ण शुद्धीला १५ गुण, सर्वांत कमी ३. गुण २ ने घसरले तर ताबडतोब स्कॅन.
२. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, झटका आला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा डोळ्याची एक बाहुली मोठी झाली तर.
३. २४ तासांनंतरही पूर्ण शुद्ध आली नसेल तर.
४. पहिल्या स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला असेल किंवा रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल, तर डॉक्टरांना विचारूनच घरी न्यावं.

कुणाला नको?

पहिला स्कॅन चांगला, रुग्ण पूर्ण शुद्धीत, तक्रार काही नाही, अशा वेळी केवळ मनाच्या समाधानासाठी स्कॅन नको. त्यात क्ष-किरण असतात. लहान मुलांना त्यांपासून विशेष जपावं. पहिले २४ तास जाणतं माणूस जवळ हवं. रात्री उठवून नाव, गाव विचारावं.

दोन फसव्या गोष्टी

पहिली दारू. “प्यालाय, झोपू द्या” म्हणून माणूस झोपवतात आणि सकाळी तो उठत नाही. डोक्याला मार असेल तर गुंगी दारूचीच आहे असं कधीही धरून चालू नका.

दुसरं म्हातारपण. किरकोळ मारानंतरही तीन आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, मेंदूवर रक्त साचलेलं आढळतं. आजोबांचा चालताना तोल जातो, ते विसरतात, झोपून राहतात. घरचे म्हणतात, वय झालं. कवटीला लहान छिद्र पाडून हे रक्त काढता येतं आणि पुष्कळ वृद्ध पुन्हा चालू लागतात. म्हणून पहिला स्कॅन चांगला असला तरी इथे दुसरा हवाच.

पाठवताना

१०८ ला फोन करा. चिठ्ठीवर मार लागल्याची वेळ, पहिल्या स्कॅनची वेळ आणि चालू गोळ्या लिहा. जुनी फिल्म सोबत द्या. तिच्याशी ताडून पाहिलं तरच वाढ कळते. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अहमदपूर-उदगीरकडच्यांना लातूरची विलासराव देशमुख संस्था आहे.

उजळणी

१. चांगला स्कॅन घेऊन आलेल्या मुलाला रात्री तिसरी उलटी झाली. काय कराल?
२. महिन्यापूर्वी पडलेल्या आजी आता पाय ओढत चालतात. घरच्यांना काय सांगाल?