गव्हाणीपाशींचें शिक्षण

गुरांना खाद्य कसें घालावें हें शिकण्यासाठीं महाविद्यालयांत चार वर्षें घालवावीं, हें ऐकून आपल्यापैकीं पुष्कळांस हसूं येईल. परंतु अमेरिकेच्या नेब्रास्का, कॅन्सस व टेक्सस या संस्थानांत हा मोठा धंदा आहे. तेथें मांसासाठीं पोसावयाचीं गुरें कुरणांतून आणून उघड्या वाड्यांत ठेवितात. एकेका ठिकाणीं हजारों जनावरें असतात. सुमारें ३५० किलोंचें जनावर पांचसहा महिन्यांत ६०० किलोंच्या घरांत न्यावयाचें, असा हा उद्योग. जनावराच्या खरेदीखालोखाल मोठा खर्च खाद्याचाच असल्यामुळें तें घालणारा माणूस जाणता असावा लागतो.

अशा शिक्षणाचा पाया १८६२ सालच्या मॉरिल कायद्यानें घातला. सरकारी जमिनीच्या उत्पन्नांतून संस्थानोसंस्थानीं शेतकी व यंत्रविद्या शिकविणारीं महाविद्यालयें त्या कायद्यामुळें निघालीं.

विद्यार्थ्यानें प्रथम जाणावयाचें तें जनावराचें पोट. त्याचे चार कप्पे असतात. पैकीं सर्वांत मोठ्या कप्प्यांत असंख्य सूक्ष्म जंतु राहतात, आणि गवत फोडून पचनास योग्य करितात ते हेच. आपण बैलास जेवूं घालतों खरें, पण पहिली पंगत या जंतूंची! गवतावर वाढलेल्या जनावरास एकदम पोटभर मका दिला, तर पिष्ट आंबविणारे जंतु माजतात, पोटांत आम्ल सांचतें, आणि धडधाकट जनावर एकदोन दिवसांत दगावूं शकतें. धान्याच्या राशीवर सुटलेलें गुरूं मेल्याची हकीकत खेड्यांतील वाचकांस ठाऊक असेल. तिचें कारण बहुधा हेंच. म्हणून वैरण कमी करून धान्य वाढविण्यास तेथें सुमारें तीन आठवडे घेतात.

हें सारें पुस्तकांत आहे. पुढचें शिकण्यासाठीं विद्यार्थ्यास सुटींत वाड्यावर उमेदवारीस धाडितात. तेथें भल्या पहांटेचें काम म्हणजे गव्हाण वाचणें. दक्षिण डकोटाच्या विद्यापीठानें यासाठीं ० पासून ४ पर्यंत गुण ठरविले आहेत. गव्हाण रिकामी असल्यास ०. तळाशीं एका दाण्याएवढा पातळ थर असल्यास १. खाद्यास जवळजवळ तोंडच लावलेलें नसल्यास ४. त्यावरून त्या दिवसाचें माप ठरतें.

काम सोपें दिसतें, पण नवा उमेदवार फसतो तो येथेंच. ० दिसलें म्हणून त्यानें माप एकदम वाढविलें, तर भुकेलीं गुरें अधाशासारखीं खातात, पोट बिघडून दुसऱ्या दिवशीं तोंड फिरवितात, आणि गव्हाण भरलेली राहते. मग तो घाबरून माप फार कमी करितो. गुरें पुन्हां उपाशी, पुन्हां अधाशी! हा झोका एकदां सुरू झाला कीं वाड्याचें वजन वाढावयाचें थांबतें व कांहीं जनावरें हातचीं जातात. जुना कारभारी अशा वेळीं नुसती गव्हाण पाहत नाहीं. काल रात्रीं किती वाजतां गव्हाण रिकामी झाली, शेण पातळ व करड्या रंगाचें आहे काय, वारा फिरला काय, कोणतें जनावर कान पाडून मागें उभें आहे, हें सर्व तो पाहतो, आणि मग माप वाढवितो तें मूठपसा.

पदवी घेतल्यावर कोणी वाड्याचा व्यवस्थापक होतो, कोणी खाद्याचें मिश्रण ठरवितो, कोणी खरेदीविक्रीचे हिशेब पाहतो. कामें निरनिराळीं असलीं तरी यांतील बहुतेकांनीं उमेदवारींत, अंगावर बर्फ पडत असतांना, कंदिलाच्या नव्हे पण मोटारीच्या दिव्याच्या उजेडांत या गव्हाणी वाचलेल्या असतात.