आधी तुरटी, मग पावडर
सन २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून पहिल्या जलगाडीने सुमारे ५ लक्ष लिटर पाणी लातुरास आले, हे दात्यांस विदित आहेच. परंतु अशी गाडी खेडोपाडी पोहोचत नाही. लातूर-नांदेडकडील गावांस टंचाईत आटत्या विहिरीचे गढूळ पाणीच उरते. तुरटी पाण्यातील क्षारांशी संयोग पावून चिकट पुंजके बनविते. त्यांसवे गाळ तळी बसतो, पण सर्व रोगजंतू मरत नाहीत. त्यांस ब्लीचिंग पावडरीतून सुटणारा क्लोरीन मारतो. मात्र पाणी गढूळ असल्यास तो गाळावरच खर्ची पडतो. म्हणून आधी तुरटी फिरवावी, निवळलेल्या पाण्यात पावडर घालावी व अर्धा तास थांबावे. दमट हवेत पावडर निःसत्त्व होते. सबब तुरटीबरोबर ती बंद डब्यांतून द्यावी, अशी आम्ही धनिकांस नम्र विनंती करितो.